मापाचे दोरे

हिंगोलीच्या जिनाला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, दोन भोंगे होते. एक छपरावरचा, तो सकाळ-संध्याकाळ वाजायचा. दुसरी गोजरबाई मुकादमीण, ती मधल्या सगळ्या वेळात वाजायची. जिनातल्या बायाच असं म्हणत, आणि गोजरबाईला ते ठाऊक होतं. तिला त्यात अपमान वाटत नसे. यंत्रांच्या धडधडाटावर इतकी वर्षं ओरडून तिचा गळा असा झाला होता की ती कुजबुजली तरी पलीकडे स्टेशनात गाडीची वाट बघणाऱ्या माणसाने वळून बघावं.

ते दिवस निजामाच्या राज्यातले. कापसाचा हंगाम लागला की आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून साठेक बाया कामाला येत. कुणी यंत्रात कापूस घालायची, कुणी सरकी ओढायची, कुणी टोपल्या वाहायची. उशिरा यायचं असलं किंवा हलकं काम हवं असलं, तर मुकादमिणीला कारण सांगावं लागे. गोजरबाई कारण ऐकून घेई, मनापासून हळहळे, काम बदलूनही देई. एवढ्यावर थांबली असती तर तिच्यासारखी बाई शोधून सापडली नसती. पण तिच्या पोटात काही राहत नसे. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या अंगावर कसलं पुरळ उठलं, हे दुपारच्या भाकरीपर्यंत साऱ्या जिनाला कळे आणि बाजाराच्या दिवशी शेजारच्या गोरेगावात पोचे. शेवटी बायांनी खरं सांगणंच सोडून दिलं. ज्या त्या बाईचं आपलं डोकं दुखायचं. गोजरबाईला वाटे, यंदा डोकेदुखीची साथच आली आहे.

त्या वर्षी हरिचंदराव नावाचे नवे मॅनेजर आले. अकोल्याकडचे, वयाने तरणे, हातापायांनी हडकुळे, पण पोट मात्र कोटाच्या पुढे चाललेलं. माणूस भला होता. दर संक्रांतीला मालकाकडून प्रत्येक बाईला चोळीचा खण मिळायचा. हरिचंदरावांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळलं की तो खण घरी गेला की सासूच्या पेटीत तरी जातो, नाहीतर नणंदेच्या अंगावर. जिने दिवसभर कापसाची धूळ खाल्ली ती आपली ठिगळाच्या चोळीतच. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी ठरवलं की यंदा खण द्यायचा नाही, शिवलेली चोळी द्यायची, ज्या त्या बाईच्या मापाची. म्हणजे ती दुसरीला होणारच नाही. बाया हरखून गेल्या. जन्मभर दुसऱ्याची चोळी उसवून, आवळून घातलेल्या बाईला आपल्या मापाची कोरी चोळी म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही.

माप घ्यायचं काम गोजरबाईकडे आलं, कारण संतराम शिंप्याला बाया अंगाला दोरा लावू देणार नव्हत्या. एका बाईला एक दोरा. छातीच्या मापाला एक गाठ, दंडाच्या मापाला दुसरी, उंचीला तिसरी. जिनामागे सरकीचा मोठा ढीग होता. त्याच्या आडोशाला एकेकीला बोलावून गोजरबाई गाठी मारू लागली. कुणाला गुदगुल्या होत, कुणी लाजून हसत सुटे. गोजरबाईचे ते दोन दिवस मोठ्या मजेत गेले.

सुमनबाई मात्र येईना. ही पोर माहेरची शिरड शहापूरची, लग्न होऊन हिंगोलीत आलेली, काडीसारखी बारीक. आई लहानपणीच गेलेली. चुलतसासू मिराबाई तिच्याच शेजारच्या यंत्रावर कामाला होती. सुमन म्हणाली की तिला चोळी नको. काहून नको, तर डोकं दुखतंय. गोजरबाई चिडली आणि तिला दंडाला धरून ढिगामागे घेऊन गेली. तिथं सुमनचे डोळे भरून आले.

"मावशी, सांगते. पण तुमच्या तोंडून निघालं तर मी या जिनात परत पाय ठेवणार न्हाई."

तिला तिसरा महिना लागला होता. चोळी आताच काचायला लागली होती, आणि माप घेतलं तर हाताला कळेल म्हणून ती टाळत होती. पोटुशी बाई दिसली की घरी धाडायची, हा जिनाचा जुना रिवाज. पण सुमनची भीती त्याहून खोल होती. आधीची दोन लेकरं पोटातच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेली होती.

"लेकरू जातंय त्याचं दुःख एक," ती म्हणाली. "पण दोन्ही खेपेला सगळ्यांना आधीच कळलेलं. मग भेटंल ती विचारायची, कितवा लागला गं? आन् मला परत्येकीला सांगावं लागायचं, न्हाई राहिलं म्हणून. तेच तेच सांगून मी अर्धी झाले, मावशी. या खेपेला माझं मला राहू द्या."

मागच्या खेपेची बातमी जिनभर कुणी केली होती, हे दोघींनाही माहीत होतं. सुमनने ते बोलून दाखवलं नाही, आणि तेच गोजरबाईला जास्त लागलं. ऐकलेल्या गोष्टी तिच्याकडे आजवर ढिगाने होत्या. विश्वासाने हातात ठेवलेली ही पहिलीच. तिने औंढ्याच्या नागनाथाची शपथ घेतली, आणि ती इतक्या हळू आवाजात घेतली की सुमनला दोनदा विचारावं लागलं.

मग तिने माप घेतलं. पोर भरणार, अंगावर येणार, चोळी शेवटपर्यंत पुरायला हवी. म्हणून दोन बोटं सैल धरावं म्हणाली. मग वाटलं, तीन बोटं. मायेच्या भरात गाठ पार पुढे जाऊन पडली. गोजरबाईला वाटलं, दोराच तर आहे, दोऱ्याला कुठं तोंड असतं.

खरी तकलीफ पुढेच होती. ती गोष्ट गोजरबाईच्या पोटात ठरेना. सुमन समोरून गेली की तिचे ओठ आपोआप हलू लागत. शेवटी तिने तोंडात एक अख्खी सुपारी धरली आणि गालफडात दाबून ठेवली. विचारलं तर दाढ दुखते म्हणून खूण करी. सुमनला यंत्रावरून काढून कापूस निवडायला बसवायचं होतं, तर तिने आणखी चौघींना तिच्याबरोबर बसवलं आणि पाचहीजणींवर सारखाच हात नाचवून राग काढला. एवढी शांतता जिनात कधी नव्हती. हमालांनी मुकादमिणीसाठी लवंगा आणून दिल्या. यंत्रवाल्याने दोनदा यंत्र थांबवून बघितलं, कुठं काही बिघडलंय का.

इकडे दोऱ्यांची टोपली ऑफिसात पोचली होती. कोणता दोरा कुणाचा हे गोजरबाईनेच कारकुनाला सांगितलं होतं आणि त्याने प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधली होती. हरिचंदरावांना व्यवस्थेची भारी आवड. त्यांनी फाटकाजवळच्या ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर खिळे ठोकून घेतले आणि सगळे दोरे ओळीने लटकवले. शिंप्याने यावं, एकेक उतरवून घ्यावा, कुठं घोटाळा नाही. लांब उभं राहून ते समाधानाने बघत होते.

दुपारी चहाला निघालेले हमाल त्या भिंतीशी थबकले. एकाने कारकुनाला विचारलं, हा लांब कुणाचा? कारकुनाने वाचून दाखवलं. मग हा? मग तो? अर्ध्या घटकेत सगळ्या जिनाला कळलं की कुणाची छाती किती आणि कुणाचा दंड किती. कुणाला कापसाची गठाण म्हणून झालं, कुणाला तुराटी म्हणून झालं. बाया पदर ओढून फाटकातून खाली मान घालून जाऊ लागल्या. दोघीतिघी म्हणाल्या की आम्हाला चोळीच नको. तांड्यावरची रूपाबाई, जिला गावातल्या मास्तराशीही डोळ्याला डोळा भिडवून बोलायची सवय, ती त्या दिवशी मागच्या कुंपणातून वाकून आत आली.

गोजरबाईला हे कळलं तेव्हा ती धावत भिंतीपाशी आली. तिथं आधीच मिराबाई उभी होती. चुलतसासू-सुनेचे दोरे शेजारी शेजारी लटकत होते. मिराबाई अंगाने चांगली भरलेली, आणि सुमनचा दोरा तिच्याहून चार बोटं खाली लोंबत होता.

"आमच्या सुमनचा दोरा माझ्याहून लांब काहून हो?" मिराबाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती विचार करून राहिली होती, आणि गोजरबाईला त्याचीच धडकी भरली. मिराबाईचा विचार संध्याकाळपर्यंत कुठवर पोचेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"ती माझी चूक," गोजरबाई सुपारीतून कशीबशी म्हणाली. "दाढेच्या ठणक्यात गाठ भलतीकडेच पडली. सगळ्यांचीच मापं परत घ्यायची हायेत."

मिराबाईचं अर्धं समाधान झालं. गोजरबाईचं तेवढंही झालं नव्हतं. आजवर मापात कधी बोटभर फरक न करणाऱ्या बाईने चारचौघांत आपली चूक सांगितली होती, आणि दोरे तसेच भिंतीवर होते.

ती ऑफिसात गेली. दोरे उतरवा म्हणाली, बायांना तकलीफ होते. हरिचंदरावांना खरोखर नवल वाटलं. त्यांनी हे सगळं बायांच्या भल्यासाठी तर केलं होतं.

"नुसते दोरे आहेत, गोजरबाई," ते म्हणाले. "यात लपवण्यासारखं काय आहे?"

त्याचं उत्तर गोजरबाईच्या जिभेवर तयार होतं. तेवढं बोलली असती तर त्या भल्या माणसाला क्षणात सगळं समजलं असतं. पण तेच तर बोलायचं नव्हतं. तिने सुपारी या गालातून त्या गालात नेली. मग तिचा हात कनवटीला गेला, आणि कनवटीत मापाचा एक दोरा उरलेला होता.

"व्हय साहेब, दोरेच ते," ती म्हणाली. "मग तुमचं बी माप घेते. सणाला आमी बाया मिळून तुमाला बंडी शिवायचं म्हणून राहिलो."

हरिचंदराव खूश झाले. त्यांनी आईसमोर लेकराने करावे तसे दोन्ही हात वर केले. गोजरबाईने दोरा छातीभोवती घेतला, गाठ मारली. मग तो पोटाभोवती घेतला. दोरा पुढे पुढेच जाऊ लागला. दुसरी गाठ पहिल्या गाठीच्या वीतभर पुढे पडली. एव्हाना दारात हमाल जमले होते, त्यांच्या मागे बाया. गोजरबाईने कारकुनाला साहेबांच्या नावाची चिठ्ठी करायला लावली, ती दोऱ्याला बांधली, आणि बाहेर जाऊन मिराबाईच्या दोऱ्याशेजारी लटकवून दिली.

दोरा वाऱ्यावर हलत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते, मग साहेबांच्या पोटाकडे, मग परत दोऱ्याकडे.

"साहेबांचा दोरा खालच्या अंगाला लांबला," मागून एक हमाल शांतपणे म्हणाला.

हसू आधी बायांत फुटलं आणि मग आवरेना. हरिचंदरावांचे कान लाल झाले. ते बाहेर आले, आपला दोरा खिळ्यावरून काढला आणि घाईघाईने कोटाच्या खिशात कोंबला. खिशात कोंबल्यावर मात्र त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी भिंतीवरच्या बाकीच्या दोऱ्यांकडे बघितलं, पदर ओढून उभ्या असलेल्या बायांकडे बघितलं. माणूस भला होता, हे मघाशी सांगितलंच आहे. त्यांना आधी लाज वाटली, आणि मग आपल्याच पोटाकडे बघून हसू आलं.

"सगळे उतरवा," ते कारकुनाला म्हणाले. "आणि चिठ्ठ्या चहाच्या चुलीत घाला."

चिठ्ठ्या जळल्या, दोऱ्यांचा एकच गुंता झाला. आता अडचण अशी की चोळ्या शिवायच्या कशा आणि कुणाची कोणती हे ओळखायचं कसं. हरिचंदराव कपाळाला हात लावून बसले. तेव्हा रूपाबाई पुढे आली.

"आमचे आजे बैलांवर मीठ लादून लांबून लांबून आणायचे," ती म्हणाली. "रातच्याला सगळ्यांच्या गोण्या एकाच ढिगात. ज्यानं त्यानं आपल्या गोणीला आपली खूण बांधायची, दुसऱ्याला सांगायची न्हाई. सकाळी ज्याची त्याला बराबर घावायची."

तसंच ठरलं. प्रत्येकीने आपलं माप आपल्या घरी, आपल्या हाताने घ्यायचं. दोऱ्याला आपल्या मनाची खूण बांधायची आणि सगळ्यांच्या नजरेआड टोपलीत टाकायचा. संतराम शिंप्याकडे टोपली गेली तेव्हा त्यात नाव एकही नव्हतं. कशाला चिंचोका होता, कशाला बांगडीचा तुकडा, कशाला लाखेचा मणी, कशाला लुगड्याच्या काठाचा धागा. एकीने तर लसणाची पाकळी बांधली होती. संतराम म्हणाला की जन्मभर कापडाचा वास घेत शिवलं, लसणाचा वास घेत पहिल्यांदाच शिवतोय. त्याने चोळीच्या बंदाला जिची तिची खूण टाके घालून बसवून दिली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चोळ्यांचा ढीग रुईच्या कोठारात ठेवला. एकेका बाईने आत जायचं, आपली चोळी पदराखाली घेऊन बाहेर यायचं. हरिचंदराव दाराशी पाठ करून उभे राहिले आणि आत गेलेल्या प्रत्येकीला मिळाली का, एवढंच विचारत राहिले. गोजरबाई आत ढिगाची राखण करायला होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागे बांगड्या वाजत, हसू येई, कापड सळसळे. मागे वळून बघावं अशी तिला इतकी ओढ लागली की तिने दोन्ही हातांनी आपले गुडघे धरून ठेवले. रूपाबाई मात्र बाहेर येताच आपली खूण सगळ्यांना दाखवत सुटली. कवडी होती. या चोळीला आता आरसे लावणार म्हणाली. आपली खूण आपण दाखवावी, त्यात कुणाची हरकत असणार.

सुमन सगळ्यांत शेवटी आली. तिच्या चोळीच्या बंदाला एक काळा मणी होता, लेकराच्या मनगटाला बांधतात तसला. तिने चोळी गोजरबाईच्या मांडीवर ठेवली.

आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात आई लेकीला गुपचूप चोळी आणते, कुणाला न सांगता तिची ओटी भरते. तिला चोरचोळी म्हणतात. सुमनला आणणारं कुणी नव्हतं. दोन्ही खेपेला चोरचोळी झालीच नव्हती. गोजरबाईने काही विचारलं नाही. घरातून निघताना तिने पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी का बांधून आणली होती, हे तिचं तिलाच ठाऊक. कोठारातल्या त्या पांढऱ्या रुईच्या उजेडात तिने पोरीला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि चोळी परत तिच्या हातात दिली. दोघींनाही रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

त्यानंतर जिनात एक गंमत झाली. डोकेदुखीची साथ ओसरली. भिंतीवरचे दोरे कुणी उतरवायला लावले आणि कोठारात भिंतीकडे तोंड करून कोण बसलं, हे बायांनी बघितलं होतं. त्या सरकीच्या ढिगामागे येऊन गोजरबाईला खरं कारण सांगू लागल्या. गोजरबाई ऐके, काम बदलून देई, आणि सुपारी तोंडात टाकी. होळीच्या सुमाराला हंगाम संपला, यंत्रं थांबली, बाया आपापल्या गावी गेल्या. सुमनचं काम शेवटच्या दिवसापर्यंत टिकलं. पदर जरा पुढे आला होता, एवढंच.

पाडवा होऊन गेल्यावर एके सकाळी मिराबाई गोजरबाईच्या दारात हळदकुंकवाचा करंडा घेऊन उभी राहिली. चेहरा आनंदाने फुललेला. आमच्या सुमनला सातवा लागलाय म्हणाली, डोहाळेजेवण हाय, जिनातल्या सगळ्या बायांना बोलावलंय.

गोजरबाईने तोंडाला पदर लावला. "अगं बाई," ती म्हणाली. "व्हय का? मला तर कुणी सांगितलंच न्हाई."

गोजरबाईला काही कळलंच नव्हतं, हे मिराबाईने वाटेत भेटलेल्या प्रत्येकीला सांगितलं. डोहाळेजेवणाला गोजरबाई दारात आली तशी बायांत हशा पिकला. जिनाचा भोंगा या खेपेला सगळ्यांत उशिरा वाजला म्हणाल्या. तुमच्या नाकाखाली पोर बसलेली, तुमी पाचजणींना कापूस निवडायला बसवलं, आन् तुमाला कळलं न्हाई? गोजरबाई म्हातारी झाली, तिचे कान गेले, डोळे गेले, असं एकीवर एक चाललं. आयुष्यभर जी सगळ्यांच्या आधी बातमी घेऊन यायची तिला क्षणभर ते टोचलं. एक शब्द बोलली असती तर सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली असती. ती पाटावर बसली आणि त्यांच्याबरोबर हसली. आणि हसता हसता तिला कळलं की इतका आनंद तिला कुठलीही बातमी सांगताना झाला नव्हता.

हिरव्या लुगड्यात सुमन बसली होती. अंगात तीच जिनातली चोळी होती, आणि ती आता बरोबर बसत होती. बायांना विडे वाटत ती गोजरबाईपाशी आली, वाकून पाया पडली, आणि विड्यावर एक सुपारी जास्तीची ठेवली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "दाढ कशी हाय आता?"

"बरी हाय," गोजरबाई म्हणाली. "लई बरी हाय."

आणि तिने ती सुपारी तोंडात टाकली.